आखाजीचं बोलावणं

पर्सोनेल मॅनेजर म्हणजे नेमकं काय करतो, हे माझ्या बायकोला मी निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं. तिच्या माहेरची माणसं विचारायची, तेव्हा ती सांगायची, "यंत्र चालवत नाहीत, माल विकत नाहीत, हिशेब बघत नाहीत. लोक आले की नाही ते बघतात." व्याख्या म्हणून मला ती आजही मान्य आहे. फक्त तिच्यात एक भर घालावी लागेल. लोक गेले की नाही, हेही आम्हीच बघतो.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. प्लास्टिकची पोती विणायचा. धान्याची, खताची, सिमेंटची पांढरी पोती तुम्ही पाहिली असतील, ती. प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या काढायच्या, त्या गोल मागावर चढवायच्या, माग गरगर फिरतो आणि कापडाची नळी वर वर येत राहते. पट्टी तुटली की माग थांबतो, ऑपरेटरने पळत जाऊन टोक जोडायचं. चांगला ऑपरेटर तो, ज्याचा माग कमी थांबतो. बाहेरच्या माणसाला एवढं समजलं तरी पुरे.

माग सांभाळायला इंजिनिअर होते. माणसं सांभाळायला मी. आणि खानदेशातली माणसं सांभाळायची म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे प्रसंग. थंडीत दुसऱ्या पाळीच्या लोकांनी जेवणाच्या सुटीत गोदामामागे कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजायला घातली होती. भिंतीच्या पलीकडे प्लास्टिकचे ढीग. धूर बघून मी धावत गेलो, सगळ्यांना फैलावर घेतलं, आग विझवायला लावली, दुसऱ्या दिवशी मेमो काढले. आणि वांगी भाजून झालीच होती म्हणून भरीत-भाकरीही त्यांच्याच पंगतीत बसून खाल्ली. मेमोवर सही करताना त्यातला एक म्हणाला, "साहेब, मेमोमा वांगास्ना उल्लेख करा, भरीतना नका करू. भरीत तुमी बी खाधं." मी मेमो फाडला. असे किस्से सांगायचे तर हा दिवाळी अंक पुरणार नाही, आणि संपादकांना तसेच हवे होते. पण मला लिहायला बसल्यापासून एकच गोष्ट आठवते आहे, ती विनोदी नाही.

तिची सुरुवात मात्र माझ्या हुशारीत आहे.

कारखान्यात टेम्पररी कामगार ठेवतात, तेव्हा मालकाला एक भीती असते. माणूस ठरावीक दिवस सलग भरला, की कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. मग त्याला सहज काढता येत नाही. म्हणून ते दिवस भरायच्या आत त्याला काही दिवस घरी बसवतात आणि नव्याने घेतात. याला आमच्या धंद्यात 'ब्रेक' म्हणतात. ब्रेक दिला की कामगार चिडतो, कुरकुरतो, कुणी पुढारी गाठतो, कुणी वकील. बहुतेक सगळ्या कारखान्यांत ही डोकेदुखी असते. आमच्याकडे नव्हती, आणि ती नव्हती याचं श्रेय माझं.

झालं असं, की आमचे डायरेक्टर बाहेरचे. त्यांना आखाजी हे प्रकरण कळेना. दिवाळीला माणसं येतात, होळीला येतात आणि या अक्षय्य तृतीयेला सगळा कारखाना ओस कसा पडतो, म्हणून ते माझ्यावर उखडले. मी त्यांना समजावलं. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी आमरस-पुरणपोळी असते, पुरुष पत्ते कुटत बसतात. आणि सालदाराचं, म्हणजे शेतावर सालाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला संपतं. मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरी सालदार होता, त्यामुळे मला हे तपशिलात ठाऊक. आमच्या गावात रीत अशी होती, की आखाजीला सालदार मोकळा व्हायचा आणि आपल्या घरी जाऊन बसायचा. तो आपणहून परत येत नसे. मालकाला तो पुढच्या सालाला हवा असेल, तर मालक स्वतः त्याच्या दारात जायचा, नारळ आणि टोपी द्यायचा, मग सालदार त्याच्यासोबत निघायचा. त्याला बोलावणं म्हणत. माझे वडील जायचे, मी त्यांचं बोट धरून जायचो. आणि ज्या सालदाराला बोलावणं यायचं नाही, त्याच्याबद्दल गाव समजायचं ते समजायचं. याने हात मारला असणार, किंवा बाईमाणसाच्या वाटेला गेला असणार. त्याशिवाय का मालक चांगला गडी सोडतो?

डायरेक्टर ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे यांचं वर्ष तसंही आखाजीला संपतंच."

पुढचं मला सांगावं लागलं नाही, आणि त्यांनाही नाही. आखाजीच्या आधी टेम्पररी लोकांची 'काम संपले' म्हणून सही घ्यायची, शर्ट आणि ओळखपत्र मात्र त्यांच्याकडेच राहू द्यायचं. आखाजी झाली, आठवडा उलटला, की कंपनीची जीप काढायची, नारळ आणि टोप्या घ्यायच्या आणि गावोगाव जाऊन एकेकाला बोलावणं करायचं. कायद्याच्या दृष्टीने तो ब्रेक होता. लोकांच्या दृष्टीने तो मान होता. ज्यांचे आजे-पणजे दुसऱ्याच्या शेतावर राबले, त्यांच्या दारात कंपनीचा साहेब जीपमधून उतरतोय, टोपी घालतोय. कुरकुर तर सोडाच, लोक मला जेवू घालायचे. शेजारच्या कारखान्यांचे मॅनेजर विचारायचे, पाटील साहेब, तुमच्याकडे ब्रेकचा त्रास कसा होत नाही? मी हसून गप्प बसायचो. मला वार्षिक बैठकीत शाबासकी मिळाली होती. त्या शाबासकीचा मला किती आनंद झाला होता, हे आज लिहितानाही मान खाली जाते.

हिंमत हा या बोलावण्याच्या लोकांतला. सोनगीरच्या अलीकडच्या एका खेड्यातला, घरी विधवा आई, जमीन नाही. त्याचा बाप जन्मभर सालदार होता. हिंमत मागावर उत्तम. पण जरा नखरेल. केसांना तेल, कानाला इअरफोन, आणि माग थांबला की मागालाच शिव्या देणार. मी त्याच्या दारात गेलो की तो गल्लीतल्या पोरांपैकी कुणाच्या तरी हातात मोबाइल द्यायचा, "नीट काढजो, साहेबसना चेहरा येवाले जोयजे." मी नारळ देतानाचा तो फोटो त्याच्या स्टेटसला लागायचा. खाली लिहिलेलं असायचं, 'आमचे साहेब घरी आले'. एका वर्षी मी घाईत होतो, फोटोला थांबलो नाही, तर तो रस्त्यापर्यंत जीपमागे पळाला. मी उतरून परत नारळ दिला. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

मग हिंमतच्या लग्नाचं निघालं. आमच्याकडे आता पोरांची लग्नं जमणं किती अवघड झालंय, ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. मुलीकडचे पहिल्यांदा एकच विचारतात. नोकरी आहे का, आणि आहे तर परमनंट आहे का. नुसत्या तोंडच्या शब्दावर ते थांबत नाहीत, थेट कारखान्याच्या गेटवर येतात. माझ्या नोकरीतलं हे एक काम कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. होणाऱ्या सासऱ्यांना चहा पाजायचा आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. कितीतरी सोयरिकी माझ्या टेबलावर जमल्या, एखाददुसरी मोडलीही.

हिंमतचे होणारे सासरे अमळनेर तालुक्यातले. सगळे त्यांना नामदेवआबा म्हणत. पांढरं धोतर, पायात वहाणा, हातात पिशवी. टेबलासमोर बसले, पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"साहेब, पोऱ्या पक्का शे ना?"

"कशात पक्का, आबा?" मी वेळ काढला.

"कामले. आजकाल बठ्ठा पोऱ्या सांगतस, आमी परमनंट शेतस. लगीन व्हयनं की घर बसतस. मनी एकच आंडेर शे, साहेब, एकच लेक. बारावी करेल शे. मी तिले रोजंदारीवालाना घर नई देवाव."

मी खिडकीतून मागांच्या शेडकडे बघितलं. खरं उत्तर एका शब्दाचं होतं. ते दिलं असतं तर हिंमतचं लग्न मोडलं असतं. शिवाय ते गावभर झालं असतं, आणि नारळामागे काय आहे ते बाकीच्यांनाही कळलं असतं. यातली कोणती भीती मोठी होती, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

आबाच पुढे म्हणाले, "पोऱ्या सांगस, साहेब दर आखाजीले सोता मना घर येतस बलावाले. खरं शे का?"

"खरं आहे," मी म्हणालो. "मी स्वतः जातो. दरवर्षी."

आबांचा चेहरा खुलला. शेतकरी माणूस. ज्याच्या दारात मालक दरवर्षी जातो तो गडी कसा असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते उठले, मला हात जोडले, म्हणाले, "मंग काय इचारनं नई." मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. जाताना त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो.

लग्न झालं. मी गेलो होतो, अक्षता टाकल्या, मंडपात मला पुढच्या खुर्चीवर बसवलं.

पुढच्या वर्षी नवे माग आले. त्यांच्यावर पट्टी कमी तुटायची, एक ऑपरेटर जास्त माग बघू शकायचा. डायरेक्टरांनी माणसं कमी करायचं ठरवलं. कामगार कपात म्हणजे नोटिसा, बोलणी, घोषणा, पोलीस. पण ते शांतपणे म्हणाले, "पाटील, नोटीस कशाला? या काही घरांना यंदा जाऊ नका, एवढंच."

आणि खरंच तेवढंच करावं लागलं. सह्या दरवर्षीसारख्या आखाजीआधी झालेल्याच होत्या. मी जीप काढली, नारळ घेतले आणि काही गावांचे रस्ते टाळले. ना नोटीस, ना भांडण. ज्यांना बोलावणं गेलं नाही, त्यांच्यापैकी एकही जण गेटवर विचारायला आला नाही. बोलावणं नाही आलं तर आपण जायचं नसतं, हे त्यांच्या हाडात होतं, आणि कारखान्यातही ते लागू आहे हे मीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्या आठवड्यात मी बायकोला म्हणाल्याचं आठवतं, की यंदाचं काम फार शांततेत पार पडलं. हिंमतचं घर मी टाळलेल्या घरांत होतं. तो जुना, त्याचा पगार बाकीच्यांपेक्षा थोडा वर गेलेला, म्हणून.

आखाजीनंतर बरेच दिवसांनी नामदेवआबा परत कारखान्यात आले. या वेळी पाणीही प्यायले नाहीत.

"साहेब, मले खरं सांगा. त्यानी काय करं?"

"कुणी?"

"हिंमतनी. चोरी करी का? पिईसन उना व्हता का कामवर? का काही बाईनं लफडं शे?"

मला कळायला वेळ लागला. मग हळूहळू उलगडलं. आबांची मुलगी आखाजीला माहेरी आली होती. झोके झाले, सण झाला, ती जायला निघाली तेवढ्यात बातमी आली, की हिंमतला यंदा बोलावणं नाही. स्टेटसला फोटो नाही, हे सगळ्या सोयऱ्यांनी पाहिलं होतं. मग दोन्ही गावांत लोक समजायचं ते समजले. आबांनी मुलीला थांबवून घेतलं. हिंमत न्यायला आला, तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. मुलगी रडत होती, पण आबा हलले नव्हते.

"आंडेर मनी शे," आबा म्हणाले. "तिले मी चोरना घर कशी धाडू?"

"आबा, त्याने काहीही केलेलं नाही. देवाशपथ."

"मंग तुमी त्याले बलावाले काबर नई गयात?"

"कंपनीने माणसं कमी केली."

"बठ्ठासले कमी करं का?"

"नाही, काही जणांना."

"मंग त्यालेच काबर? इतला वरीस तुमी सोता जायेत. त्याले सोडाले काही कारन व्हई ना, साहेब?"

मी परत तेच सांगितलं. नवे माग, कमी माणसं. आबा माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क आदर आला. ते उठले, हात जोडले. "तुमी मोठा मनना मानूस शेतस. पोऱ्याना गुन्हा झाकी राह्यनात. मी समजी गऊ." आणि गेले. मी खरं बोललो होतो, आणि माझ्या खरं बोलण्याने हिंमत त्यांच्या लेखी कायमचा चोर ठरला होता.

मी डायरेक्टरांकडे गेलो. एकाला परत घेऊ या म्हणालो. ते म्हणाले, एकाच्या दारात गेलात तर सगळ्यांच्या जावं लागेल. मला निवृत्तीला काही महिने उरले होते, मुदतवाढ मिळेल अशी आशा होती. मी वाद घातला नाही. ही लाज वेगळी लिहायला हवी, म्हणून लिहिली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तिथे ऑफिसात बसून सांगून तो म्हातारा कसा विश्वास ठेवील? जिथे नारळ दिला तिथे जाऊन सांगा." मग निवडलेली भाजी बाजूला सारत म्हणाली, "लोक गेले की नाही तेही बघता होय तुम्ही."

रविवारी मी बसने गेलो. जीप मागितली नाही. आबांना फोन करून बोलावून घेतलं होतं. ते आधीच येऊन हिंमतच्या ओट्यावर बसले होते, जावयाकडे पाठ करून. गल्लीत शिरलो तेव्हा दोन-चार माणसं उठून उभी राहिली. हिंमत दारातच होता. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "माय, साहेब उनात. च्या ठेव," असं आत ओरडून तो स्वतः घरात गेला. मी "हिंमत, थांब" म्हणेपर्यंत तो आत गेलेला होता.

बाहेर आला तो कंपनीचा निळा शर्ट घालून. इस्त्रीचा. केसांना पाणी लावलेलं, खिशाला ओळखपत्र अडकवलेलं, हातात जेवणाचा डबा. रविवार आहे हेही त्याच्या लक्षात नव्हतं. आबांकडे बघून तो म्हणाला, "मी सांगीच राह्यंतू मामा, साहेबसले यंदा जरासा उशीर व्हयना." आणि मला म्हणाला, "चला साहेब."

माझ्या हातात नारळ नव्हता. ते त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. की हिंमत कधीच परमनंट नव्हता. की आखाजीआधीची सही त्याला काढण्याची असायची आणि नंतरचा नारळ नव्याने घेण्याचा. की त्याला कधी पक्कं होऊ द्यायचं नव्हतं म्हणून हे सगळं होतं. की यंदा काढायचं होतं म्हणून मी आलो नाही, आणि त्याने चोरी केली नाही, दारू प्यायला नाही, कुणाकडे वाकड्या नजरेने बघितलं नाही, आमच्या सगळ्या मागांत त्याचा माग कमी थांबायचा.  शेजारच्या ओट्यावरची बाई तांदूळ निवडायची थांबली होती.

 आबा उठले, हिंमतच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाय येसू आंडेरले लईसन," एवढंच त्याला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. रामराम न करता ते माझ्या बाजूने निघून गेले. मी ज्यासाठी आलो होतो ते झालं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, तेही खोटं नाही.

हिंमतची आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तो तिने मला दिला नाही, आत ठेवलाही नाही. "साहेब," ती म्हणाली, "इतला वरीस तुमी नारळ लईसन येत व्हतात. आमी गल्लीमा पेढा वाटूत. ते काय व्हतं मंग?"

 

 हिंमत वळून घरात गेला. मला वाटलं आता येणार नाही, निघावं. पण तो आला, अंगात बनियन, हातात तो निळा शर्ट. ओळखपत्र त्याने खिशावरून काढून शर्टावर ठेवलं होतं. आवाजात राग नव्हता, टाइम ऑफिसच्या हजेरीच्या खिडकीशी बोलायचा तसाच तो बोलला.

"साहेब, हाऊ शर्ट धोईसन धाडू, का आतेच लई जाशात?"

सुटलेल्या माणसाकडून गणवेश आणि ओळखपत्र जमा करून घ्यायचं, हा नियम कारखान्यात मीच लावला होता. एवढ्या वर्षांत त्यात मी कुणाला सूट दिली नव्हती. राहू दे, असं म्हणायचं माझ्या मनात होतं, पण तोवर माझा हात पुढे गेलेला होता. हिंमतने शर्टाची नीट घडी घातली आणि माझ्या हातावर ठेवली.